कावळी आणि एकविसावा नियम

एक भिंत डोळ्यांसमोर आणा बरं. तिच्यावर एक पाटी लावली आहे. पाटीचं वरचं टोक मोठ्या माणसाच्या डोक्याच्याही वर आणि खालचं तुमच्या गुडघ्याशी. तिच्यावर नियम लिहिले आहेत, एकूण एकवीस. रंगाऱ्याने पहिला नियम मोठ्या थाटात, वीतभर उंच अक्षरांत लिहून टाकला. मग त्याच्या लक्षात आलं की अजून वीस उरले आहेत. तिथून पुढे अक्षरं बारीक होत गेली, आणि एकविसाव्या नियमाशी पोचेपर्यंत मुंग्यांची रांग झाली. ती रांग वाचायची तर जमिनीवर मांडी घालून बसायला हवं. आता सांगा, मोठी माणसं कधी जमिनीवर बसून पाटी वाचतात का?

आपल्या गोष्टीतली मुलगी वाचायची.

ती चौथीत होती. दिवसभर "का? का?" असं विचारत असायची, म्हणून आईने तिचं नाव ठेवलं होतं कावळी. दूध उकळताना वर का येतं, शिवणयंत्राला दोन दोरे का लागतात, शेजारचे आजोबा झोपेत शिट्टी का वाजवतात. एकदा तर ती पोस्टमनला "का, काका?" म्हणाली आणि त्याला वाटलं पोरगी तोतरी आहे.

तिचे बाबा शिंपी होते. हात असा, की कोटाची बाही कुठे जोडली आहे ते शोधून सापडू नये. पण गेली दोनेक वर्षं बाबा दारू प्यायला लागले होते, आणि त्या हाताला कंप सुटला होता. सुईत दोरा ओवायचं काम आता कावळीकडे आलं होतं. त्याच दारूतून सुटायला बाबा दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी चार वाजता टपाल कार्यालयामागच्या गल्लीतल्या केंद्रात जायचे. तिथे खाटा नव्हत्या. माणसं यायची, औषध घ्यायची, समुपदेशक ताईंशी बोलायची आणि आपापल्या घरी, आपापल्या कामाला परत जायची. आईची कामावरची पाळी सहाला सुटायची, म्हणून शाळेतून आलेली कावळीही बाबांबरोबर जायची आणि बाहेरच्या खोलीत बसायची.

त्या खोलीत तिच्यासाठी काय नव्हतं! दाराशी मेजामागे मामा बसायचे. ते सगळ्यांचेच मामा. अकरा वर्षांपूर्वी तेही उपचारालाच आले होते. आलेल्या प्रत्येकाला मामा लाकडाचा एक बिल्ला द्यायचे. बिल्ल्यावर चित्र. बाबांचा बिल्ला कासवाचा होता. कुणी पतंग, कुणी किटली. आत जायची वेळ झाली की मामा हाक मारायचे, "पतंग, चला आत! किटली, तुम्ही थांबा, उतू जाऊ नका."

"नावाने का नाही हो हाक मारत?" कावळीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"पाटी वाच. नियम चौथा."

तिने वाचलं. रुग्णाचे नाव प्रतीक्षा कक्षात उच्चारू नये.

"पण का?"

"समजा, बाहेर तुझ्या बाबांचं कुणी गिऱ्हाईक बसलंय. त्याला कशाला कळायला हवं? नाव आतल्या खोलीचं. बाहेर फक्त कासव."

कावळीला हे फारच आवडलं. म्हणजे प्रत्येक नियमाच्या पोटात एक "का" होता! मग तिने रोज एकेक नियम घ्यायचा आणि मामांना हैराण करायचं असं ठरवलं. औषधांचं कपाट उघडताना दोन माणसं का? "एकटा माणूस कितीही चांगला असला तरी एकटाच असतो," मामा म्हणाले, "आणि औषधं मोजायला चार डोळे बरे." कुणी आला नाही तर त्याच दिवशी फोन का करायचा, दुसऱ्या दिवशी का नाही? यावर मामांनी फोनची वही मिटली. मग म्हणाले, "न येणारा माणूस बहुतेक वेळा लाजेने येत नाही. लाज रात्रभर ठेवली की दह्यासारखी घट्ट होते."

बाबांना मात्र पाटीचं काही कौतुक नव्हतं. "माप न घेता लिहिलीय," ते म्हणायचे. "वर सैल, खाली घट्ट. असा झब्बा मी शिवला असता तर गिऱ्हाइकाने माझ्याच डोक्यात घातला असता."

असं करत करत एका सोमवारी कावळी एकविसाव्या नियमाशी पोचली. बाबा नुकतेच आत गेले होते. मामा कपाटाशी होते. पतंग आणि किटली समोरच्या भिंतीकडच्या बाकावर पेंगत होते. कावळी पाटीखाली मांडी घालून बसली, नाक अगदी अक्षरांना टेकवलं आणि बोटाने एकेक मुंगी वाचायला लागली. समुपदेशन कक्षातील संभाषण कक्षाबाहेर ऐकू जाणार नाही, अशी व्यवस्था...

"शनिवारी घेतली मी," पाटी म्हणाली.

कावळी दचकली. आवाज बाबांचा होता. बारीक, पण स्वच्छ. डबीत ठेवलेल्या घड्याळाची टिकटिक यावी तसा.

"सत्तावीस दिवस झाले होते. आणि शनिवारी घेतली. घरी सांगितलं, कोटाचं काम होतं म्हणून उशीर झाला."

"बरं झालं सांगितलंत," हा ताईंचा आवाज. "आज आलातही."

"आता काढून टाकाल ना?"

"कोण म्हणालं? नववा नियम वाचला नाहीत का?"

"अहो, कोण वाचतं ती पाटी!"

मुलांनो, खरं ते सांगायला हवं. त्या वेळी कावळीने उठायला हवं होतं. तिला ते कळतही होतं. पण ती उठली नाही. उलट तिने कान पाटीला लावला.

"पोरीने विचारलं, उशीर का झाला," बाबा सांगत होते. "मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. ताई, तिच्या ‘का’ला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून तिच्यासमोर तोंड उघडत नाही. इथे उघडतो, कारण इथला शब्द इथेच राहतो. हे बाहेर कुणाच्या कानावर गेलं असं कळलं ना, तर या जागी पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

कावळी उठली आणि लांबच्या बाकावर जाऊन बसली. तिचे कान गरम झाले होते. बाबा बाहेर आले, कासव मेजावर ठेवून म्हणाले, "चला कावळीबाई, आज कुठला नियम?"

"कुठलाच नाही," कावळी म्हणाली.

त्या दिवसापासून कावळीचं "का" बंद झालं. मंगळवारी दूध उतू गेलं, तिने पाहिलं, गप्प बसली. शेजारच्या आजोबांनी शिट्टी वाजवली, गप्प बसली. आई म्हणाली, "मूग गिळलेस की काय गं? घर कसं सुनंसुनं वाटतंय." बाबा नुसते तिच्याकडे बघत राहिले. सुई पुढे केली की ती दोरा ओवून परत द्यायची, एक शब्द नाही.

डोक्यात मात्र एकच चक्र फिरत होतं. पाटीतून आवाज येतो, हे सांगायला हवं. नाहीतर उद्या तिथे दुसरं कुणी बसेल आणि पतंगचं ऐकेल, किटलीचं ऐकेल, बाबांचंही ऐकेल. पण सांगितलं, की बाबांना कळणार तिने ऐकलं. आणि बाबा म्हणाले होते, पुन्हा पाऊल ठेवणार नाही. बाबा केंद्रात गेले नाहीत तर काय होतं, ते तिला दोन वर्षं ठाऊक होतं.

बुधवारी ती गप्पच राहिली. एकच गोष्ट तिने केली. बाबा आत गेल्यावर लांबूनच नववा नियम वाचला. केवळ पुन्हा सेवन केल्याच्या कारणावरून कोणासही उपचारातून वगळू नये. तिने तो तीनदा वाचला. मग मामांना हळूच विचारलं, "या भिंतीत काय आहे हो?"

"विटा," मामा म्हणाले. "आणि काय असणार?" मग डोकं खाजवून म्हणाले, "पूर्वी इथे पार्सल कचेरी होती. भिंतीत कुठेतरी खिडकी होती म्हणतात, पार्सलं आतबाहेर करायला. आमच्या आधीच फळी ठोकून रंग मारला."

कावळीने पाटीकडे पाहिलं. म्हणजे ऐकू जाऊ नये असं सांगणारी पाटीच त्या खिडकीवर टांगली होती. एरवी ती खदखदून हसली असती.

शुक्रवारी चारच्या सुमारास केंद्रात एक बाई आल्या. केस पिकलेले, काखेत फाईल, खांद्याला जड पिशवी. त्या तपासणीस होत्या. केंद्र नियमाप्रमाणे चालतं की नाही, ते बघायला वर्षातून एकदा यायच्या. बाबा, पतंग आणि किटली बाकावर जरा सरकून सावरून बसले, जणू शाळेत साहेब आले.

बाई कडक असतील असं कावळीला वाटलं होतं. पण त्या तर तिच्यासारख्याच निघाल्या! कपाट उघडायला लावलं, दोन माणसं आली का पाहिलं. फोनची वही चाळली. ताईंना विचारलं, "उपचाराचा आराखडा रुग्णाला वाचून दाखवता, की नुसती सही घेता?" प्रत्येक उत्तरावर पुन्हा विचारायच्या, "ते का?" आणि मग फाईलमध्ये बरोबरची खूण करायच्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "आता एकविसावा." त्यांनी मामांना आतल्या खोलीत बसवलं आणि वर्तमानपत्र वाचायला सांगितलं. "ओरडू नका, बोलता तसंच वाचा." दार लावून घेतलं आणि स्वतः दाराला कान लावून उभ्या राहिल्या. सगळी खोली चिडीचूप. बाईंनी मान हलवली. "काही ऐकू येत नाही. छान." आणि खूण करायला पेन काढलं.

कावळी बाकावर बसल्या बसल्या चुळबुळ करत होती. तिच्या घशात चार दिवसांचा "का" अडकला होता. तो आपोआप बाहेर पडला.

"तुम्ही कान दारालाच का लावलात?"

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळीकडे दारालाच लावतो, बाळ."

"पण का?"

बाई विचारात पडल्या. "खरं सांगू? आधीच्या साहेबांनी तसं शिकवलं म्हणून. तू का विचारतेस?"

आता सगळे कावळीकडे बघत होते. बाबाही. बाबांच्या हातात कासव होतं आणि चार दिवसांनी पोरीचा "का" ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं. ते हसू पाहून कावळीने बाईंकडेच तोंड वळवलं.

"एखादा नियम मोडलेला सापडला, तर केंद्र बंद करता?" तिने विचारलं.

"छे गं. दुरुस्त करायला तीस दिवस देते, मग परत येऊन बघते. पण कुणी लपवून ठेवलं असेल तर मग मी अशी गोड बोलत नाही."

"अजून दहा मिनिटं थांबाल?"

"चहा मिळाला तर पंधरा थांबेन," बाई म्हणाल्या. मामा बाहेर येऊन चहा टाकायला गेले.

कावळी ताईंकडे गेली. "मी आतल्या खोलीत जाऊ? दोनच मिनिटं."

"का?" ताईंनी विचारलं. किटली फिस्सकन हसला.

"ते आत गेल्याशिवाय सांगता येत नाही."

ताईंनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी खांदे उडवले. मग कावळी बाबांपाशी आली आणि त्यांचा हात धरून त्यांना पाटीशी घेऊन गेली.

"बाबा, खाली बसा. शेवटचा नियम वाचा. अगदी नाक लावून."

"अगं, गुडघे बोलतात माझे."

"बसा ना हो."

बाबा कुरकुरत जमिनीवर बसले. कावळी आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावलं. बाबांची खुर्ची भिंतीला टेकून होती. तिच्यामागे एक जुनं कॅलेंडर होतं. तिने ते उचलून पाहिलं. पातळ फळी, कडेला बोटभर फट. ती खुर्चीवर गुडघे टेकून बसली आणि तोंड फळीजवळ नेलं.

"बाबा, मी बोलतेय. वर बघू नका. वाचताय असंच दाखवा."

पलीकडे पाटीवरून बोट सरकल्याचा आवाज आला.

"सोमवारी मी तिथेच बसले होते. नियम वाचत होते. मला शनिवारचं ऐकू आलं. उठायला हवं होतं, नाही उठले. उलट कान लावला. आईला नाही सांगितलं. कुणालाच नाही."

ती थांबली. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात बाहेरच्या मोठ्या दाराची बिजागरी करकरली. ते दार उघडताना नेहमीच करकरायचं. कावळीने डोळे घट्ट मिटले. गेले. बाबा गेले.

"पतंग, अहो पतंग, बिल्ला ठेवून जा की!" मामांचा आवाज आला.

आणि मग अगदी जवळून, फळीतून, कुजबुजत:

"का गं?"

"काय का?"

"कान का लावलास?"

कावळीला उत्तर शोधावं लागलं नाही. "तुमचा आवाज होता म्हणून. घरी तुम्ही बोलतच नाही."

 मग नाक ओढल्याचा आवाज.

"म्हणजे मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणालो, तेही ऐकलंस."

"हो."

"दुसऱ्या कुणी ऐकलं असतं ना, तर नसतोच आलो मी." बाबा थांबले. "चार दिवस तुझा ‘का’ नाही. मला वाटलं, दुकानातली मशीनच बंद पडली. हे होतं होय."

"सोमवारी याल?"

 कावळी फळीवरचा खिळा नखाने खरवडत राहिली.

"येतो," बाबा म्हणाले. "पण अशा भोकाशी बसून मी बोलणार नाही. पतंगलाही बोलू देणार नाही. दुकानात चिंध्यांची दोन पोती पडलीत, आणून कोंबतो. तू त्या बाईंना सांग आधी."

"खिडकीचं सांगते. तुमचं नाही सांगत."

"माहीत आहे मला." मग जरा हळू, "आणि तो नववा कुठे आहे गं?"

"पाटीच्या मधोमध. उभे राहा, लगेच दिसेल."

पलीकडे गुडघे कटकटले. कावळीने कॅलेंडर खाली सोडलं, डोळे फ्रॉकला पुसले आणि दार उघडलं. बाबा पाटीसमोर उभे राहून, मान पुढे काढून, ओठ हलवत काहीतरी वाचत होते. तपासणीस बाईंचा चहा संपत आला होता, फाईल मांडीवर मिटलेली होती.

कावळीने बाबांना बाजूला सरकवलं. बाईंचा हात धरून त्यांना पाटीपाशी आणलं.

"बाई, खाली बसा. कान दाराला नाही, इथे लावा."

"इथे? का गं?"

"लावा तर."

बाईंनी पिशवी बाजूला ठेवली, फाईल उघडली आणि जमिनीवर मांडी घातली. त्यांचा पिकला अंबाडा एका बाजूला कलला आणि कान एकविसाव्या नियमाला टेकला. कावळी धावत आतल्या खोलीत गेली. दार नीट लावून घेतलं. बाबांच्या खुर्चीवर चढली, कॅलेंडर वर केलं, तोंड फळीला लावलं. कुणाचंच गुपित नसलेलं, तिचं एकटीचंच म्हणावं असं काय बोलायचं, याचा तिने क्षणभर विचार केला.

आणि मग कावळीने, बोलते तसंच, न ओरडता म्हटलं, "का? का? का?"